पंप टेस्ट बेडच्या नोंदी: स्कॅनर, मॅथ चॅनल आणि ८०.८ टक्के

३ फेब्रुवारी

काम मिळालं एकदाचं. शिरोली एमआयडीसीत पंपाचा कारखाना आहे, शेतीचे मोनोसेट (मोटर आणि पंप एकत्र) बनवतात, त्यांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे पंप चालवून तपासायच्या जागी, आत्तापर्यंत सगळं गेज बघून रजिस्टरमध्ये लिहायचं आणि कॅलक्युलेटरवर एफिशियन्सी काढायची असं चालू होतं. आता शेठना स्क्रीनवर पाहिजे, रिपोर्ट प्रिंट होऊन पाहिजे, स्टार लेबलचं पण डोक्यात आहे त्यांच्या. मी म्हणलं करू की. १६ चॅनलचा स्कॅनर (सगळ्या सेन्सरचे आकडे आळीपाळीनं वाचणारं यंत्र), त्यात ८ मॅथ चॅनल (फॉर्म्युले टाकायच्या जागा), एक पीसी, बस्स.

मोजायच्या गोष्टी पाचच. डिलिव्हरी प्रेशर, सक्शन प्रेशर, ऑरिफिस प्लेटवरचा डीपी (पाइपातल्या भोकाच्या चकतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक), आरपीएम, आणि एनर्जी मीटरवरून किलोवॅट. पण शेठना बघायचंय डिस्चार्ज (सेकंदाला किती पाणी), हेड (पंप पाणी किती मीटर चढवतो) आणि एफिशियन्सी (पाण्याला मिळालेली पॉवर भागिले घेतलेली वीज), आणि या तिन्ही गोष्टी कुठलाच सेन्सर देत नाही, त्या फॉर्म्युल्यातूनच येणार. म्हणजे निम्मं काम वायरिंगचं आणि निम्मं गणिताचं, आणि मी कोटेशन फक्त वायरिंगचं दिलंय.

५ फेब्रुवारी

दिवसभर पॅनल. सगळे ट्रान्समीटर (मोजलेला आकडा करंटमध्ये पाठवणारे सेन्सर) ४-२० मिलिअँपचे, ४ म्हणजे रेंजची सुरुवात आणि २० म्हणजे शेवट, स्कॅनरच्या इनपुटला व्होल्ट लागतात म्हणून प्रत्येक चॅनलला २५० ओमचा रेझिस्टर, म्हणजे १ ते ५ व्होल्ट. डीपी ट्रान्समीटरची रेंज ० ते २५०० मिमी पाणी. ऑरिफिसच्या कॅलिब्रेशन शीटवरून फॉर्म्युला सरळ आहे:

डिस्चार्ज = ०.२४ × √डीपी

२५०० चं वर्गमूळ ५०, गुणिले ०.२४, १२ एलपीएस, म्हणजे सेकंदाला १२ लिटर. फुल स्केल १२. हा आकडा पुढं लै वेळा लागणार आहे.

संध्याकाळी पॉवर दिली तर डिस्चार्जच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. पंप बंद, पाणी शून्य, तर शून्य तरी दाखवायला पाहिजे ना. वायरिंग परत तपासलं, ठीक. उद्या बघू.

६ फेब्रुवारी

सापडलं. कच्चा डीपी उघडून बघितला तर उणे २.५. उण्याचं वर्गमूळ काढायला सांगितलं तर स्कॅनर बिचारा काय करणार, रेघाच दाखवणार. पण उणे आलं कुठून? ट्रान्समीटर मीटरवर बरोबर ४.०० मिलिअँप देतोय. मग रेझिस्टर काढून मोजला, २४९ ओम. दुकानदाराने २५० मागितल्यावर २४९ दिले होते, तेही एक टक्क्याचे नाहीत, चांगले अचूक ०.१ टक्क्याचे, कारण त्या स्टँडर्ड सिरीजमध्ये २५० नसतोच, २४९ असतो. चूक त्याची नाही, मी फॉर्म्युल्यात २५० लिहिलं होतं. ४ मिलिअँपला ०.९९६ व्होल्ट, त्याला २५० ने भागलं की ३.९८४, आणि तेवढ्या १६ मायक्रोअँपनं डीपी शून्याच्या खाली.

सगळ्या चॅनलमध्ये २४९ टाकलं. शून्य आलं. एक ओमसाठी एक संध्याकाळ.

एनर्जी मीटरचा पण घोळ झाला होता, मोडबसवर (मीटरशी बोलायची डिजिटल भाषा) किलोवॅट वाचला तर भलताच आकडा, शेवटी मीटरच्या मेमरीतले दोन रजिस्टर उलट क्रमाने जोडले तेव्हा जमलं. हे दर वेळी होतं, दर वेळी अर्धा तास जातो, आणि दर वेळी मी लिहून ठेवत नाही. आता लिहिलं.

८ फेब्रुवारी

आज मॅथ चॅनल भरले. हेडचा फॉर्म्युला मामांच्या रजिस्टरवरून उचलला. मामा म्हणजे टेस्टिंगचे जुने माणूस, सत्तावीस वर्षं याच बेडवर, शेठसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर हिरव्या शाईत लिहिलंय: डिलिव्हरी अधिक व्हॅक्यूम अधिक गेजमधलं अंतर अधिक व्हेलॉसिटी हेड. दोन गेजमधलं अंतर इथं ४० सेंटिमीटर. व्हेलॉसिटी हेड का, तर सक्शनचा पाइप ६५ मिमीचा आणि डिलिव्हरीचा ५० मिमीचा, डिलिव्हरीत पाणी जास्त जोरात धावतं. त्या जोरातली ताकद प्रेशर गेजला दिसत नाही, पण पंपाने ती दिलेली असते. ६ एलपीएसला हा फरक ०.३१ मीटर. थोडा आहे पण सोडून चालत नाही.

नंतर लूप कॅलिब्रेटर (हवे तेवढे मिलिअँप देणारं यंत्र) घेऊन प्रत्येक इनपुटला ४, ८, १२, १६, २० मिलिअँप दिले. १२ ला डीपी १२५०, डिस्चार्ज ८.४९. २० ला १२.०० बरोबर. तक्त्यात सगळीकडे टिक. सही केली, तारीख टाकली. लै समाधान वाटलं.

१० फेब्रुवारी

पहिला खरा पंप लावला. ३ एचपी मोनोसेट, नवीन इंपेलरचा. प्रायमिंग करून चालू केला, व्हॉल्व्ह ड्यूटी पॉइंटवर (पंप ज्या हेड-डिस्चार्जसाठी बनवलाय तिथं) आणला. स्क्रीनवर डिस्चार्ज ८.४९, हेड १७.४, इनपुट २.३० किलोवॅट, एफिशियन्सी ६३.१.

शेठ खूश. जुन्या इंपेलरला रजिस्टरमध्ये ५५ च्या आसपास यायचं, नवीन कास्टिंगवर त्यांनी पैसे घातलेत, आठ टक्के वाढले म्हणून चहाबरोबर वडा पण आला. मी पण खूश. डिझाइनवाला पोरगा सगळ्यात जास्त खूश, त्याने स्क्रीनचा फोटो काढला.

मामा गप्प होते. जाताना एवढंच म्हणाले, "हेड कमी दाखवतंय ते. मला बावीस दिसतंय."

११ फेब्रुवारी

मामांना बसवून विचारलं, बावीस कसं. त्यांनी जुन्या गोल गेजवर बोट ठेवलं. डिलिव्हरी १.८९ केजी (चौरस सेंटिमीटरला), दहानं गुणायचं, १८.९ मीटर. व्हॅक्यूम १८० मिमी पारा, त्याचे २.४ मीटर. झाले २१.३. गेजचं ०.४, व्हेलॉसिटीचं काहीतरी, बावीस. पाच सेकंद लागले त्यांना.

मग माझ्या लक्षात आलं आणि कान गरम झाले. मामांचं व्हॅक्यूम गेज आहे, ते ओढ दाखवतं, अधिक आकड्यात, म्हणून ते मिळवतात. माझा सक्शन ट्रान्समीटर उणे ०.२४ बार देतो, आधीच उणे. मी त्यांचा फॉर्म्युला जसाच्या तसा, अधिक चिन्हासकट, उचलला. १.८५ अधिक उणे ०.२४, म्हणजे १.६१. पाहिजे होतं १.८५ वजा उणे ०.२४, म्हणजे २.०९. बारला १०.१९७ नं गुणलं की जवळजवळ पाच मीटरचा फरक. पाच मीटर हेड नुसत्या एका चिन्हात गेलं.

रजिस्टरमधला फॉर्म्युला बरोबर होता आणि माझा ट्रान्समीटरही बरोबर होता, फक्त दोघांची "व्हॅक्यूम" म्हणायची पद्धत वेगळी. चिन्ह बदललं. हेड २२.३.

एफिशियन्सी ८०.८.

१२ फेब्रुवारी

काल रात्री झोपताना पण तो ८०.८ डोळ्यासमोर. चूक दुरुस्त केल्यावर आकडा खऱ्याच्या जवळ जायला पाहिजे, हा तर गेला उडून. शेठ मात्र म्हणाले ब्रोशर छापायला टाकू का. मी म्हणलं थांबा दोन दिवस.

मामा म्हणाले, "अहो ऐंशी टक्के आला तर हा पंप विकू नका, देव्हाऱ्यात ठेवा."

गंमत सोडून हिशेब केला. ही एफिशियन्सी मोटर आणि पंप दोन्ही मिळून आहे. या मोटरची चांगल्यात चांगली ८२ धरली, तर ८०.८ भागिले ८२, पंप एकटा ९८ टक्क्याच्या पुढं. ३ एचपीचा पंप. पाण्याचं घर्षण नाही, गळती नाही, काही नाही. असला पंप नसतो.

आधी वाटलं किलोवॅट कमी येतोय. क्लॅम्प मीटर लावला, २.३ बरोबर. हेड मामांच्या गेजशी जुळतंय. मग उरला डिस्चार्ज. पण डिस्चार्ज तर मी पाच पॉइंटवर तपासून सही केलीय.

एक उलट तपासणी आठवली म्हणून नवीन मॅथ चॅनल टाकला: बार गुणिले एलपीएस भागिले १०, सरळ किलोवॅट येतात, हेड नाही, घनता नाही, काही नाही. २.०९ गुणिले ८.४९ भागिले १०, १.७७ किलोवॅट. गेजचं अंतर आणि व्हेलॉसिटीचं धरून १.८६, आणि २.३० चे ८०.८ टक्के पण तेवढेच, जुळलं. म्हणजे फॉर्म्युले आपापसात भांडत नाहीत. सगळे मिळून खोटं बोलतायत.

१३ फेब्रुवारी

मामांनी व्ही-नॉच दाखवला. टाकीच्या तोंडाला पत्र्यात कापलेली ९० अंशाची खाच, पाणी त्यातून पडतं, पाठीमागं हुक गेज. त्यात उंचीचा घात अडीच आहे, म्हणून ११४ मिमी उंचीला १ मिमी चुकला की डिस्चार्ज सव्वादोन टक्के चुकतो. मामा म्हणाले माझे डोळे आता एका मिमीचे राहिले नाहीत. म्हणून सगळ्यात गावठी पद्धत, १००० लिटरची खूण असलेली टाकी आणि स्टॉपवॉच.

व्हॉल्व्ह असा लावला की स्क्रीनवर ६.० दिसेल. टाकी भरायला ५ मिनिटं ३४ सेकंद. म्हणजे २.९९ एलपीएस. निम्मं!
मग स्क्रीनवर ८.५. टाकी २ मिनिटं ४६ सेकंदात. ६.०२.
मग १०.४. टाकी १ मिनिट ५१ सेकंदात. ९.०१.

पहिल्यांदा वाटलं के फॅक्टर चुकलाय, ०.२४ च्या जागी दुसरा टाकू आणि घरी जाऊ. पण एकदा दुप्पट, एकदा १.४१ पट, एकदा १.१५ पट, कुठला एक आकडा टाकणार? पाणी वाढेल तशी चूक कमी होतीये. हे बघून बराच वेळ बसलो. मग १.४१ वर नजर अडकली. १.४१ म्हणजे २ चं वर्गमूळ. वहीवर स्क्रीनच्या आकड्याचा वर्ग करून खऱ्याने भागलं:

३६ भागिले २.९९, १२.०
७२.२५ भागिले ६.०२, १२.०
१०८.२ भागिले ९.०१, १२.०

तिन्ही वेळा १२. फुल स्केल. म्हणजे कुणीतरी माझ्या आधीच वर्गमूळ काढून ठेवलंय आणि मी त्याचं परत वर्गमूळ काढतोय.

ओळखीच्या एकाकडून हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरच्या आतलं सेटिंग वाचणारं यंत्र) मागून आणला, संध्याकाळी साडेसातला लावला. ट्रान्समीटरच्या सेटिंगमध्ये आउटपुट: स्क्वेअर रूट. आमच्याच पर्चेस ऑर्डरवर "फॉर फ्लो मेझरमेंट" लिहिलेलं, म्हणून ट्रान्समीटरवाल्यांनी तसा सेट करून पाठवला, त्यांचं काहीच चुकलं नाही. त्याच्या छोट्या डिस्प्लेवर ५० टक्के दिसत होतं ते मी ५० टक्के डीपी समजत होतो, तो सांगत होता ५० टक्के डिस्चार्ज.

आणि माझी सही केलेली पाच पॉइंटची तपासणी? मी कॅलिब्रेटर स्कॅनरला लावला होता, ट्रान्समीटर तर बाजूला काढलेला. माझाच फॉर्म्युला मी माझ्याच फॉर्म्युल्याशी तपासला आणि तो पास झाला. आणि १० तारखेला ६३ आले तेव्हा हेड पाच मीटर कमी आणि डिस्चार्ज १.४१ पट, दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं म्हणून आकडा शहाण्यासारखा दिसला. मी मामांचं ऐकून एक चूक काढली नसती तर ६३ चं ब्रोशर छापलं असतं.

१४ फेब्रुवारी

आता वर्गमूळ काढायचं कुठं, ट्रान्समीटरमध्ये की स्कॅनरमध्ये? ट्रान्समीटरमध्ये काढलं तर कमी पाण्याला सिग्नल मोठा मिळतो, १० टक्के डिस्चार्जला डीपी फक्त १ टक्का असतो म्हणजे ४.१६ मिलिअँप, तेच वर्गमूळ काढून ५.६. हा मुद्दा खरा आहे. तरी मी ट्रान्समीटर लिनिअर केला, म्हणजे वर्गमूळ न काढता डीपी आहे तसा पाठवणारा. कारण मला फाइलमध्ये कच्चा डीपी पाहिजे. फॉर्म्युला चुकला तर कच्च्या आकड्यावरून परत काढता येतं, कच्चाच नसेल तर सगळ्या टेस्ट परत घ्याव्या लागतात.

त्याच पंपावर परत: डिस्चार्ज ६.००, हेड २२.०, इनपुट २.३०. एफिशियन्सी ५६.४.

शेठना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फोन आला म्हणून बाहेर गेले. डिझाइनवाल्या पोराने विचारलं स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअॅपवरून सगळ्यांसाठी डिलीट होतो का. चार दिवस झाले, आता नाही होत.

खरं तर ५५ वरून ५६.४ ही पण वाढ आहे. पण ८०.८ बघितल्यावर ५६.४ कुणाला गोड लागणार.

१७ फेब्रुवारी

लिनिअर केल्यावर नवीन त्रास. व्हॉल्व्ह पूर्ण बंद, शट-ऑफला पंप चालू, थेंब पाणी जात नाही, आणि स्क्रीनवर ०.३० एलपीएस. ट्रान्समीटर ४.०१ देतोय. एक शतांश मिलिअँप म्हणजे डीपी १.५६ मिमी, त्याचं वर्गमूळ १.२५, गुणिले ०.२४, बरोबर ०.३०. वर्गमूळ शून्याजवळ असं करतं, केवढासा आकडा घेतं आणि डोंगर करून दाखवतं. मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह (दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणारा) उघडून झीरो ट्रिम केलं, म्हणजे तिथला आकडा शून्यावर बसवला, आणि वर फॉर्म्युल्यात अट टाकली: डीपी ४ मिमीच्या खाली असेल तर डिस्चार्ज शून्य धर. म्हणजे ०.४८ एलपीएसच्या खालचं आम्ही मोजत नाही. मामांना विचारलं चालेल का, म्हणाले तिथं कोण पाणी पाजतंय.

दुसरं, अॅव्हरेज. व्हॉल्व्ह अर्धा असला की डीपी थरथरतो, म्हणून दहा सेकंदाचं अॅव्हरेज लावायचं होतं. पण डीपीचं अॅव्हरेज घेऊन मग वर्गमूळ, की वर्गमूळ काढून मग अॅव्हरेज? मला वाटायचं एकच. वहीवर करून बघितलं: डीपी एकदा ४०० एकदा ९००. आधी वर्गमूळ काढलं तर २० आणि ३०, मधला २५, डिस्चार्ज ६.००. आधी अॅव्हरेज काढलं तर ६५०, वर्गमूळ २५.५, डिस्चार्ज ६.१२. दोन टक्के जास्त, फुकटात. म्हणून प्रत्येक स्कॅनला आधी डिस्चार्ज काढायचा, अॅव्हरेज शेवटी.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. कारखाना बंद, कोल्हापुरात आज फोनवर बोललेलं पण ऐकू येत नाही. घरी बसून एक्सेलचा रिपोर्ट केला.

२१ फेब्रुवारी

स्पीड करेक्शन. टेस्टच्या वेळी लाइटची फ्रिक्वेन्सी आणि लोड बघून पंप २९१० वर पळतो, नेमप्लेटवर २८८०. तर सगळं २८८० वर आणायचं: डिस्चार्जला गुणोत्तर एकदा, हेडला वर्ग, पॉवरला घन. २२.० चं हेड २१.६ होतं. आणि यात एक बरं आहे, एफिशियन्सी बदलायला नाही पाहिजे, कारण वर पण घन आणि खाली पण घन.

माझी बदलली. ५६.४ ची ५५.८. पॉवरला पण वर्गच लिहिला होता मी, हेडचं कॉपी-पेस्ट. पण ह्या वेळी पाच मिनिटात सापडलं, कारण काय बदलायला नको ते आधीच माहीत होतं. आता हा फरकच एका मॅथ चॅनलवर ठेवलाय, शून्य सोडून काही दिसलं तर लाल.

पंप बंद असताना ० नं भागाकार होऊन परत रेघा येत होत्या, तिथं पण अट टाकली. आणि स्कॅनर मॅथ चॅनल नंबरच्या क्रमाने सोडवतो, एफिशियन्सी ३ नंबरवर आणि डिस्चार्ज ६ नंबरवर ठेवला तर तो मागच्या स्कॅनचा डिस्चार्ज घेतो. व्हॉल्व्ह फिरवताना एफिशियन्सी उगाच उड्या मारायची ती त्यामुळे. नंबर लावून घेतले, आधी डिस्चार्ज, मग हेड, मग बाकीचं.

२८ फेब्रुवारी

आठ पंप, प्रत्येकी सात पॉइंट, स्क्रीन एकीकडे आणि मामांचं रजिस्टर एकीकडे. एफिशियन्सीत सगळ्यात मोठा फरक १.१ टक्के, तो पण तिथं जिथं मामांनी चष्मा विसरला होता असं ते स्वतः म्हणाले. सगळे फॉर्म्युले एका कागदावर लिहून, प्रत्येकासमोर युनिट आणि चिन्ह लिहून, "सक्शन उणे येतं, वजा करा" हे लाल पेनने, पॅनलच्या दाराला आतून चिकटवलं. मामांनी वाचलं आणि खाली हिरव्या शाईत लिहिलं, "महिन्यातून एकदा टाकी लावून बघणे".

पेमेंट निम्मं आलं.

६ मार्च

दुसऱ्या बेडचं पण काम दिलं शेठनी, गणिताचे पैसे वेगळे लावले या वेळी, घासाघीस न करता हो म्हणाले. डीपी ट्रान्समीटर आज आला. ऑर्डरवर मी स्वतः मोठ्या अक्षरात "आउटपुट लिनिअर" लिहिलं होतं. खोका उघडला, पाइपला लावायच्या आधी टेबलावरच कम्युनिकेटर जोडला.

स्क्वेअर रूट.